अंतराळयानांचे वर्गीकरण आणि मराठी विज्ञानकथेची समीक्षा

१

विज्ञानकथांचे वाचक कल्पित अंतराळयानांची आकारमानानुसार व वेगानुसार वर्गवारी करण्यात मोठा रस घेतात. अमुक यान तमुक यानाहून किती लांब, कोणाचा वेग प्रकाशाच्या किती पट, याचे तक्ते हौसेने तयार होतात आणि त्यावर हिरिरीने वादही होतात. विद्यापीठीय समीक्षेने या उद्योगाकडे आजवर एक निरुपद्रवी छंद म्हणूनच पाहिले आहे. यानाची लांबी हा साहित्याचा विषय नव्हे, ती तपशिलाची बाब आहे, असे गृहीत धरून समीक्षक कथेतील पात्रे, वातावरण व आशय यांकडे वळतो. प्रस्तुत लेखात या गृहीताचा फेरविचार करावयाचा आहे.

येथे मांडावयाचा मुद्दा थोडक्यात असा : अंतराळकथेत यानाचे आकारमान व त्याचे गतिसाधन ही दोन मिळून प्रवासाचा काळ ठरवितात, आणि प्रवासाचा काळ ठरला की कथेत कोणते मानवी प्रसंग संभवतात व कोणते संभवत नाहीत, हेही बव्हंशी ठरते. प्रवासी परतेल तेव्हा त्याची आई जिवंत असेल काय, यानात कोणी जन्मास येईल काय, मागे राहिलेल्यांशी त्याचा संवाद उरेल काय, या प्रश्नांची उत्तरे लेखकाच्या भावविश्वात शोधण्यापूर्वी यानाच्या इंधनकोठीत शोधली पाहिजेत. म्हणून यानांचे वर्गीकरण हे समीक्षेचे साधन होऊ शकते. मात्र ते योग्य तत्त्वावर उभारलेले असले पाहिजे. केवळ नामावळी म्हणजे वर्गीकरण नव्हे.

२

नामावळीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. रामायणातील पुष्पक विमान हे तिचे आदिरूप. विश्वकर्म्याने घडविलेले, कुबेराकडून रावणाने हिरावून घेतलेले आणि अखेर रामाला अयोध्येस आणणारे हे विमान स्वामीच्या इच्छेनुसार चालते. लोकसमजुतीप्रमाणे त्यात कितीही माणसे बसली तरी एकास जागा उरतेच. म्हणजे त्याला ठरलेले आकारमान नाही आणि इच्छेखेरीज गतिसाधनही नाही. काव्यात हे सर्वथा योग्यच आहे. पुष्पकाचे कार्य अंतर कापणे हे नसून अंतर नाहीसे करणे हे आहे. विरह संपला आहे, हे सांगण्याचे ते साधन आहे.

अकराव्या शतकातील भोजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथातील यंत्रविषयक अध्यायात लाकडी पक्ष्याच्या आकाराच्या विमानाचे व त्यातील तापविलेल्या पाऱ्याचे वर्णन येते. यंत्राची घडण आपण अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी सांगत नाही, असेही ग्रंथकार स्पष्ट करतो. येथे गतिसाधनाचा उल्लेख आहे, पण त्याचे कार्य झाकलेले आहे.

तिसरी पायरी ‘वैमानिक शास्त्र’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथाची. त्यात शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर अशा विमानांचे प्रकार मोजमापांसह व आकृत्यांसह दिले आहेत. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे आदी पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची चिकित्सा प्रसिद्ध केली. ग्रंथ १९०४ च्या पूर्वीचा असू शकत नाही आणि वर्णिलेल्यांपैकी एकही विमान उडू शकणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. असे असूनही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला आणि एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाणाऱ्या विमानांचा दावाही त्यात करण्यात आला.

या तीन उदाहरणांचा क्रम साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगा आहे. पुष्पक उडत नाही म्हणून रामायणाचे काहीच बिघडत नाही. कारण काव्याने उडण्याचा दावा केलेलाच नाही. ‘वैमानिक शास्त्रा’ने तो केला, म्हणून त्याला हिशेब द्यावा लागला आणि तो देता आला नाही. कल्पिताला एक प्रकारचा न्याय असतो व दाव्याला दुसऱ्या प्रकारचा. ज्या समाजात कल्पित यानाकडे चिकित्सेने पाहण्याची सवय नसते, तेथे कल्पित हे इतिहासाचा वेश घेऊन सभागृहात येते आणि त्याला कोणी हटकत नाही. विज्ञानकथेच्या समीक्षेला म्हणूनच केवळ वाङ्मयीन नव्हे, तर नागरी महत्त्वही आहे.

३

मराठी वाचकाला अंतराळप्रवासाचा आधुनिक परिचय झाला तो ज्यूल व्हर्नच्या द्वारा. ‘केरळ कोकिळ’ या मासिकातून १९०० साली ‘चंद्रलोकची सफर’ ही व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीवरून केलेली कथा प्रसिद्ध होऊ लागली. मूळ कादंबरी १८६५ ची. तीत ९०० फूट लांबीच्या तोफेतून ॲल्युमिनियमचा पोकळ गोळा चंद्राकडे डागला जातो. पहिल्या सेकंदाचा वेग १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, असा व्हर्नने हिशेबाने दिला आहे. पृथ्वीच्या मुक्तिवेगाशी तो जवळजवळ जुळतो. चूक राहिली ती अन्यत्र. ९०० फुटांच्या नळीत हा वेग प्राप्त व्हावयाचा तर प्रवाशांवर त्यांच्या वजनाच्या सुमारे २२,००० पट दाब येईल. व्हर्नने योजिलेली पाण्याची गादी त्यांना वाचवू शकणार नाही.

पुढे १९०१ मध्ये एच. जी. वेल्सने आपल्या प्रवाशांना चंद्रावर नेले ते गुरुत्वाकर्षणाला अडविणाऱ्या एका कल्पित द्रव्याच्या साहाय्याने. व्हर्नला हे रुचले नाही. आपण पदार्थविज्ञानाचा उपयोग करतो, वेल्स नवीन द्रव्ये शोधून काढतो, असा त्याचा आक्षेप होता. या वादाला यानांच्या वर्गीकरणाचा पहिला वाद म्हणावयास हरकत नाही. त्यात गुणदोष कोणाकडे, हे ठरविणे दिसते तितके सोपे नाही. व्हर्नचे साधन खरे, पण ते प्रवाशाला मारणारे. वेल्सचे साधन खोटे, पण एकदा मान्य केले की त्याच्या नियमांनुसार चालणारे. दोघांनीही एक गोष्ट मात्र केली : यान कशाने चालते, हा प्रश्न त्यांनी वाचकासमोर ठेवला.

४

आता वर्गीकरणाच्या तत्त्वाकडे वळू. प्रथम गतिसाधनाचा विचार करू. कारण आकारमानाचा प्रश्न त्यावर अवलंबून आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील म्हसावदच्या परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याशी, गाडीची पारख लोकांनी कधी तिच्या लांबीवरून केली नाही. माणसे न्यावयाची दमणी हलकी, माल न्यावयाची गाडी जड; सपाटीला एक बैलजोडी पुरे, तोरणमाळच्या चढाला तेच ओझे असले तरी गणित बदलते. मुक्काम लांबचा असेल तर आणखी एक प्रश्न उभा राहतो : बैलांची वैरण कोठून येणार? सगळी वैरण गाडीतच भरून न्यावयाची तर तिचे ओझे ओढण्यासाठी अधिक बैल हवेत आणि त्या बैलांसाठी पुन्हा अधिक वैरण हवी. अग्निबाणाचे संपूर्ण गणित या एका अडचणीत सामावलेले आहे. त्सिओल्कोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये ते सूत्ररूपाने मांडले. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण हा घाट. इंधन ही वैरण.

सॅटर्न-५ या अग्निबाणाचे उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे २,९०० टन होते. १९६९ च्या जुलैमध्ये चंद्रावरून प्रवासी ज्या कुपीतून परतले, तिचे वजन होते सुमारे ५ टन. उरलेले सारे वैरण आणि वैरणीची कोठारे. रासायनिक इंधनाचा झोत सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. अशा इंधनावर प्रकाशाच्या एक-दशांश वेग गाठावयाचा म्हटले, तर आरंभीचे व अखेरचे वजन यांचे गुणोत्तर सुमारे २,९०० अंकी संख्येने लिहावे लागेल. दृश्य विश्वातील अणूंची संख्या लिहावयास साधारण ८० अंक पुरतात. म्हणजे हे काम केवळ अवघड नव्हे, अशक्य आहे.

म्हणून गतिसाधनांची वर्गवारी वेगावरून न करता ‘वैरण कोठून येते’ या कसोटीवर करावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तसे केल्यास पाच वर्ग पडतात.

पहिला गोफण-वर्ग. आरंभी एकच धक्का, पुढे यान स्वाधीन नाही. व्हर्नची तोफ या वर्गातील.

दुसरा शिदोरी-वर्ग. यान आपले इंधन बरोबर नेते. यात रासायनिक, अणुविभाजनावर चालणारे व अणुसंलयनावर चालणारे असे पोटभेद संभवतात. आजवर प्रत्यक्ष उडालेली बहुतेक सर्व याने याच वर्गात मोडतात.

तिसरा चराऊ-वर्ग. यान वाटेत चरत जाते. १९६० मध्ये रॉबर्ट बुसार्ड यांनी आंतरतारकीय अवकाशातील विरळ हायड्रोजन गोळा करून त्याचेच इंधन करणारे यान सुचविले, ते याचे उदाहरण.

चौथा दोर-वर्ग. ऊर्जा घरी राहिलेले लोक पुरवितात. यानाला केवळ शीड असते आणि त्यावर पृथ्वीवरून लेसर-किरणांचा झोत सोडला जातो. प्रकाशाच्या एक-पंचमांश वेगाने ग्रॅमभर वजनाची याने पाठविण्याची जी योजना २०१६ मध्ये जाहीर झाली, ती या तत्त्वावर आधारलेली होती.

पाचवा मनोगती-वर्ग. वैरणीचा प्रश्नच उद्भवत नाही. पुष्पक या वर्गाचे. प्रकाशाहून वेगाने जाणारी बहुतेक कथायानेही याच वर्गाची.

५

आकारमानाच्या बाबतीत लांबी ही कसोटी फसवी आहे. ‘स्टार ट्रेक’ या १९६६ च्या दूरचित्रवाणी-मालिकेतील एंटरप्राइझ यानाची लांबी २८९ मीटर व ‘स्टार वॉर्स’मधील सुप्रसिद्ध युद्धनौकेची १,६०० मीटर सांगितली जाते; पण या आकड्यांनी कथेत काय बदलले, याचे उत्तर लांबी देत नाही. वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचा प्रश्न असा की, यानात माणसांचा कोणता समूह मावतो. त्यानुसार तीन वर्ग पुरेसे आहेत. एक-दोन किंवा चार माणसांची, नवे अन्न निर्माण न करणारी ती कुपी. ज्यात कामांची वाटणी, अधिकारी व हाताखालचे लोक, मैत्री व बंड यांना वाव आहे, पण पिढी बदलत नाही, तो तांडा. ज्यात माणसे जन्मास येतात व मरतात, ते गाव.

तीन आकार व पाच गतिसाधने यांची पंधरा घरे होतात. प्रत्येक घराची आपली अशी स्वाभाविक कथा असते; हेच या वर्गीकरणाचे खरे फलित होय. काही घरे तपासून पाहू.

कुपी व रासायनिक शिदोरी यांच्या घरात चंद्र व मंगळ यांच्या कथा येतात. येथे काळ दिवसांत किंवा महिन्यांत मोजावयाचा असतो. परतल्यावर घर ओळखीचेच राहते. या घरातही साधनाचा फरक काळावर कसा उमटतो, हे दोन प्रत्यक्ष मोहिमांवरून दिसेल. अपोलो-११ चार दिवसांत चंद्रावर उतरले. १४ जुलै २०२३ रोजी निघालेले आपले चांद्रयान-३ तेथे २३ ऑगस्टला उतरले. अंतर तेच, पण वाहक अग्निबाण सुमारे ६४० टनांचा असल्यामुळे पृथ्वीभोवतीची कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवीत जाण्याचा काटकसरीचा मार्ग पत्करण्यात आला. मोठी शिदोरी वेळ वाचविते, लहान शिदोरी वेळ खर्चून वैरण वाचविते. हा केवळ तांत्रिक नियम नव्हे. कथालेखकाला हाती लागलेले ते नाट्याचे बीज आहे.

गाव व मंद शिदोरी यांच्या घरात पिढ्यांची कथा येते. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. त्या वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्याचे ४.२४ प्रकाशवर्षांचे अंतर कापावयास सुमारे ७५,००० वर्षे लागतील. वेग शंभरपट केला तरी साडेसातशे वर्षे उरतातच. येथे प्रवासाला निघालेला पोहोचत नाही आणि पोहोचणारा निघालेला नसतो. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९४१ मधील ‘युनिव्हर्स’ या कथेतील लोक आपण यानात आहोत हेच विसरलेले असतात. स्मृती, परंपरा, वारसा यांवरील चिंतन या घरातच स्वाभाविक ठरते.

तांडा व चराऊ यांच्या घरात सापेक्षतेचा विरह येतो. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने दहा प्रकाशवर्षे दूर जाऊन लगेच परतणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने तीन वर्षांहून थोडा कमी काळ लोटेल. पृथ्वीवर मात्र वीस वर्षे उलटलेली असतील. पोल अँडरसनच्या १९७० मधील ‘टाऊ झीरो’ या कादंबरीत पन्नास प्रवाशांच्या अशा यानाची वेग कमी करण्याची यंत्रणा बिघडते आणि विश्वाचे आयुष्य त्यांच्या डोळ्यांदेखत सरत जाते. कादंबरीचे सारे कारुण्य एका यांत्रिक बिघाडातून उगवले आहे, हे विसरून तिचे रसग्रहण करता येणार नाही.

दोर-वर्गात तर नैतिक प्रश्नच अग्रभागी येतो. दोर घरच्यांच्या हाती आहे. सरकार बदलले, पैसा संपला, लोकांना कंटाळा आला, तर मध्येच झोत बंद होईल. विश्वास आणि विश्वासघात यांची कथा या वर्गाच्या पोटातच आहे.

मनोगती-वर्गाविषयी मात्र एक पोटभेद आवश्यक आहे. काही लेखक नसलेल्या साधनालाही नियम घालून देतात. ‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेच्या लेखकांसाठी असा नियम होता की, वेगाच्या क्रमांकाचा घन म्हणजे प्रकाशवेगाची पट. सहाव्या क्रमांकाचा वेग २१६ पट होतो. म्हणजे जवळच्या ताऱ्यापर्यंत सुमारे सात दिवस. हे कल्पित खरे, पण ते स्वनियमबद्ध आहे. लेखकाला सोयीनुसार दोन दिवसांत पोहोचता येत नाही. दुसरा प्रकार निर्नियम. तेथे यान कथानकाच्या वेगाने धावते. संकट हवे तेव्हा मंद होते, सुटका हवी तेव्हा शीघ्र. पहिला प्रकार वाङ्मय होऊ शकतो. दुसऱ्यात लेखकाची सोय एवढेच गतिसाधन असते.

याच संदर्भात समीक्षकाने एक साधा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : हे यान थांबते कसे? वेग घेण्यासाठी वजनाचे गुणोत्तर आठ लागत असेल, तर वेग घेऊन थांबण्यासाठी ते चौसष्ट होते आणि तेथून निघून परत येऊन थांबावयाचे तर चार हजार शहाण्णव. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात ‘डिडॅलस’ नावाच्या संलयनयानाचा आराखडा तयार केला. ५४,००० टनांपैकी ५०,००० टन इंधन, प्रकाशाच्या सुमारे १२ टक्के वेग, ५.९ प्रकाशवर्षांवरील बर्नार्डच्या ताऱ्यापर्यंत सुमारे पन्नास वर्षे, असा तो हिशेब होता. एवढे असूनही ताऱ्यापाशी थांबण्याची सोय त्यात नव्हती. यान नुसते जवळून निघून जाणार होते. जी कथा हजार माणसांचे यान क्षणात थांबविते, तिने काय गिळून टाकले आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानी येईल.

६

मराठी विज्ञानकथेकडे या दृष्टीने पाहिले असता काय दिसते? मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली व तिच्या कथास्पर्धांनी या प्रकाराला बळ दिले. १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकर यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नारळीकर पुढे २०२१ मध्ये नाशिक येथील ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले; २०२५ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. ‘कृष्णविवर’ या कथेचे महत्त्व आपल्या वर्गीकरणाने अधिक स्पष्ट होते. कृष्णविवराच्या निकट काळ मंदावतो, हे तत्त्व तिच्या मुळाशी आहे. म्हणजे अतिवेगी गतिसाधनाने जो कालभेद उत्पन्न व्हावयाचा, तो येथे निसर्गातील गुरुत्वाकर्षणाकडून घेतला आहे. यान लहान, साधन साधे. वैरणीचा अशक्य हिशेब टाळून काळाचा विरह मात्र साधला. केवळ वैज्ञानिक माहिती अचूक आहे एवढ्यावर या कथेची वाखाणणी करणे अपुरे आहे. लेखकाने कोणते घर निवडले व का निवडले, हे सांगितले पाहिजे.

मराठीत दुसरा एक प्रकार विपुल आहे : यान आपले नसून परक्यांचे असते. जून १९४७ मध्ये अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने आकाशात चमकत्या वस्तू पाहिल्याचे सांगितल्यावर उडत्या तबकड्यांची जगभर आवई उठली आणि तो शब्द मराठीत इतका रुळला की भा. रा. भागवतांना ‘उडती छबकडी’ अशी त्याची गंमत करता आली. नारळीकरांच्या ‘प्रेषित’सारख्या कादंबरीतही परग्रहावरील बुद्धिमान सृष्टीशी संबंध हाच विषय आहे. आगंतुक यानाची कथा लिहिताना लेखकाची एका जबाबदारीतून सुटका होते. यान कसे आले, याचा हिशेब त्या परक्यांनी द्यावयाचा असतो.

हे मौन सदोष आहे काय? सरसकट तसे म्हणता येणार नाही. आर्थर क्लार्कच्या १९७३ मधील ‘रॉन्देव्हू विथ रामा’ या कादंबरीत ५० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद असे परके यान सूर्यमालेत येते. त्याचे आकारमान लेखक काटेकोरपणे देतो; गतिसाधन मात्र अखेरपर्यंत कळत नाही. पण ते कळत नाही याची जाणीव कथेतील शास्त्रज्ञांना सतत असते. ते अज्ञान त्यांना डाचते. येथे मौन हाच विषय झाला आहे. यावरून आपल्याला एक कसोटी मिळते. गतिसाधनाविषयीचे मौन पात्रांना जाणवत असेल, तर ती कला. केवळ लेखकाला सोयीचे असेल, तर ती पळवाट. मराठीतील आगंतुक-यानांच्या कथा या कसोटीवर एकेक करून तपासल्या, तर त्यांतील सकस व कृश कथा निराळ्या काढता येतील. ‘विज्ञानाचा डोलारा आहे, पण साहित्यगुण नाही’ किंवा ‘गोष्ट रंजक आहे, पण विज्ञान कच्चे आहे’ अशा दोन ठरीव वाक्यांवर विसंबून राहण्याची मग गरज उरणार नाही.

भाषेच्या अंगानेही विचार व्हावयास हवा. विमान, अग्निबाण, यान, तबकडी, अंतराळनौका हे शब्द अनेकदा समानार्थी म्हणून वापरले जातात. वास्तविक अग्निबाण हा शिदोरी-वर्गाचा निदर्शक शब्द आहे. नौका म्हटली की तांडा सूचित होतो. विमान या शब्दामागे पुष्पकाची सावली आहे. एकाच कथेत एकच वस्तू तीन नावांनी येते, तेव्हा बहुधा लेखकाच्या मनात तिचे वजन ठरलेले नसते. शब्दांची ही सैलता वैज्ञानिक दोषाची पहिली खूण असते.

७

येथे एक आक्षेप संभवतो. साहित्याला असे त्रैराशिक लावणे म्हणजे रसास्वादाचा घात नव्हे काय? टनांचा व प्रकाशवर्षांचा हिशेब ठेवून कोणी कथा वाचतो काय?

ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत आपण हा आक्षेप घेत नाही, याचे स्मरण द्यावेसे वाटते. १६६६ मधील आग्ऱ्याहून सुटकेचे प्रकरण रंगविणाऱ्या लेखकाने घोड्याला एका रात्रीत आग्ऱ्याहून राजगडास आणले, तर रसिक वाचकही पुस्तक मिटून ठेवील. सारंगखेड्याच्या बाजारात घोडे पारखणाऱ्या माणसाला तर ते पान वाचवणारही नाही. घोड्याचा दम किती, हे ठाऊक असल्यामुळेच पाठलागाचे भय आपल्या अंगावर येते. अंतराळयानाचा दम किती, हे वाचकाला ठाऊक नसते, एवढाच भेद आहे. आणि जे वाचकाला ठाऊक नाही त्याची जाणीव करून देणे हे समीक्षकाचे कर्तव्य आहे. हजार टनांचे यान प्रकाशाच्या एक-दशांश वेगाने न्यावयास केवळ गतिज ऊर्जा म्हणूनच सबंध मानवजातीच्या आजच्या एका वर्षाच्या ऊर्जावापराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग लागेल. हे ज्याला कळले, त्याला अशा यानाच्या उड्डाणात एका संस्कृतीचा संकल्प दिसेल. न कळले, त्याला केवळ एक वाहन सुटलेले दिसेल. हिशेबाने येथे रसहानी झाली नाही, रस वाढला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या कसोटीने पुष्पकासारखे मनोगती यान त्याज्य ठरणार नाही काय? नाही. वर्गीकरण म्हणजे प्रतवारी नव्हे. अंतर नाहीसे करणारे यान ज्या कथेला हवे, तिने ते घ्यावे. साम्राज्यांची, युद्धांची व सफरींची कथा त्यावाचून लिहिता येत नाही. दोष उत्पन्न होतो तो घरे मिसळल्यामुळे. यान मनोगती आणि दुःख मात्र मंद यानाचे, असे झाले की कथा फसते. ज्या नायकाला आठवड्यात घरी परतता येते, त्याने पिढ्यांच्या वियोगाचे अश्रू ढाळले तर ते अश्रू उसने ठरतात. म्हणून समीक्षकाने विचारावयाचे ते हे : या कथेतील भावनेची किंमत या कथेतील यानाने मोजली आहे काय?

८

पदव्युत्तर अभ्यासकांसाठी यातून काही कामे सुचतात. मराठी विज्ञानकथेतील यानांची सूची करताना प्रत्येक यानाबाबत पाच प्रश्नांची नोंद व्हावी : आत माणसे किती व त्यांचा समूह कोणता, वैरण कोठून येते, यान थांबते कसे, प्रवाशाचा काळ व घरचा काळ यांत अंतर किती, आणि लेखकाने मौन पाळले असल्यास ते पात्रांना जाणवते काय. नारळीकरांबरोबर नारायण धारप, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदींच्या कथा या प्रश्नांसह वाचल्या, तर पंधरा घरांपैकी कोणती मराठीने भरली व कोणती रिकामी ठेवली, याचे चित्र मिळेल. रिकामी घरेही बोलकी असतील. ज्या समाजात स्थलांतर, पुनर्वसन आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या वाटचालीचा अनुभव आहे, त्याच्या भाषेत गाव-यानाची कथा किती आढळते, हा शोध सातपुड्याच्या परिसरातील विद्यार्थ्याने तरी अवश्य घ्यावा.

यानाचे वजन व त्याची वैरण ही कथेबाहेरची माहिती नाही. ती कथेची घडण आहे. ती नीट वाचता आली की अंतराळकथेतील माणूसही नीट वाचता येतो, एवढेच येथे प्रतिपादन करावयाचे होते.